कोर्स अर्धा सोडायचा नसतो

…आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाई मला म्हणतात, "आई, आता तुम्ही जरा निवांत झोपा." निवांत! अहो, जिच्या साडेचार वर्षांच्या लेकीचं औषध पाच दिवसांपैकी दुसऱ्याच दिवशी बंद केलंय, ती बाई निवांत झोपेल? डोळे मिटले की मला ते जंतू दिसायचे. अर्धमेले, लंगडत चाललेले, एकमेकांना हात देऊन उठवतायत आणि म्हणतायत, "चला रे, उठा, बाईंनी कोर्स अर्धा सोडला!" सकाळपर्यंत हेच. तुम्हाला सांगते, मला तापाची एवढी भीती वाटली नव्हती, आमच्या टिल्लीच्या नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीचीसुद्धा नव्हती, पण ह्या अर्धवट कोर्सने माझी पार दातखीळ बसवली. कारण लहानपणापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की ठोकलेली आहे. अँटिबायोटिक घेतलं ना, मग बरं वाटो, न वाटो, कोर्स अर्धा सोडायचा नसतो.

आणि हे कोण सांगतंय? मी! जिने आयुष्यात दुसरा कुठलाही कोर्स पूर्ण केलेला नाही! कॉम्प्युटरचा केला, तो टायपिंगमध्ये उजव्या हातापर्यंत येऊन थांबला. शिवणाचा केला, त्यातला एका बाहीचा फ्रॉक अजून कपाटात आहे. गाडी शिकले, पण रिव्हर्स शिकवायच्या आठवड्यात माझा घसा बसला होता, त्यामुळे मी आजही जिथे पुढे जाऊन बाहेर पडता येईल तिथेच गाडी लावते, मग ते दुकानापासून दोन किलोमीटर लांब का असेना. एक परकी भाषा शिकायला गेले, त्यात मला 'स्टेशन कुठे आहे' हे उत्तम विचारता येतं, समोरच्याने सांगितलेलं उत्तर कळत नाही, ते पुढच्या धड्यात होतं. पण अँटिबायोटिक? तिथे मात्र माझा कायम पहिला नंबर. घड्याळ लावून, डोस लिहून, बाटली उलटी करून शेवटचा थेंब! म्हणजे बघा, ज्या एकाच विषयात मी हुशार होते, नेमक्या त्याच विषयात मला कोणीतरी सांगत होतं की बाई, तुमचं चुकतंय.

तर झालं काय, टिल्लीला तीन दिवस ताप, खोकला, आणि रविवारी संध्याकाळी तिचा श्वास असा भरभर चालायला लागला की आम्ही उचलली आणि थेट हॉस्पिटल गाठलं. तिथे एक्स-रे काढला, नाकात एक लांब काडी घालून नमुना घेतला, त्यावर टिल्लीने सगळ्या स्टाफला आपल्या वाढदिवसाला न बोलावण्याची धमकी दिली, रक्त घेतलं, ऑक्सिजन लावला, आणि सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. ते थेंब टप टप पडताना बघून मला जे समाधान मिळालं म्हणून सांगू! वाटलं, चला, काहीतरी होतंय. खाटेच्या पायाशी एक तक्ता अडकवलेला होता, मी शिकलेली बाई, लगेच वाचला. त्यात प्रत्येक अँटिबायोटिकसमोर एक चौकोन, आणि चौकोनावर छापलेलं, 'कशासाठी?' त्यात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'न्यूमोनियाची शंका, दोन दिवसांनी रिपोर्ट बघून ठरवणे.' मी त्यातलं न्यूमोनिया वाचलं आणि रडले. 'शंका' वाचलंच नाही. 'ठरवणे' तर मला दिसलंसुद्धा नाही.

आणि मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. असतील तिशीच्या, पायात खेळायचे बूट, बोलणं एकदम हळू, म्हणजे आपल्याला वाटतं ह्या वाक्य विसरल्या की काय. म्हणाल्या, नाकातल्या नमुन्यात व्हायरस सापडलाय, रक्तात दोन दिवसांत कुठलाही जंतू वाढलेला नाही, बाकीच्या तपासण्याही व्हायरसकडेच बोट दाखवतायत. अँटिबायोटिक व्हायरसला काहीच करत नाही. म्हणून आजपासून बंद. आणि पेन काढून त्या 'कशासाठी?'च्या चौकोनावर सरळ एक आडवी रेघ मारली. माझ्या डोळ्यांदेखत! मी म्हटलं, अहो मॅडम, कोर्स अर्धा सोडायचा नसतो ना?

आता इथे कोणी दुसरं असतं तर चिडलं असतं. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे आई, गरज असलेला कोर्स पूर्णच करायचा. पण आपण चुकीच्या बसमध्ये बसलोय हे कळल्यावर शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो का?"

आता पंचाईत झाली. कारण मी जाते. खरंच सांगते, मी गेलेय. चुकीच्या बसमध्ये बसले, तिसऱ्या मिनिटाला कळलं, पण मधेच उठून उतरलं तर लोक काय म्हणतील म्हणून शेवटपर्यंत खिडकीतून बाहेर असं बघत बसले जसं काही मला तिथेच जायचं होतं, आणि मग तिथल्या एका अनोळखी चौकात उतरून रिक्षा केली. पण हे काय डॉक्टरांना सांगायचं? मी नुसती मान हलवली. मग त्या म्हणाल्या की टिल्लीला कालपासून सहा वेळा पातळ शी झालीय ना, ती बहुतेक ह्याच औषधाची देणगी, कारण ते पोटातल्या चांगल्या जंतूंनाही सोडत नाही. फायदा शून्य आणि तोटा सहा चादरी. चादरींचा हिशोब मला लगेच पटला, बरं का. पण पटणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं!

बाई जाता जाता मला एक काम देऊन गेल्या. म्हणाल्या, "आई, तुम्ही श्वास मोजा." दर दोन तासांनी, पूर्ण एक मिनिट, टिल्ली शांत असताना. चाळीसच्या वर गेले, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, पाणी प्यायचं बंद केलं, किंवा हाक मारून नीट जागी झाली नाही, तर लगेच घंटा दाबायची. नुसता ताप चढला तर कळवायचं, पण घाबरायचं नाही. मी एक वही घेतली, रकाने आखले. आणि पहिल्याच मोजणीत बासष्ट! मी घंटा दाबली ती दाबूनच धरली, सिस्टर धावत आल्या, आणि बघतात तर टिल्ली जीभ बाहेर काढून हाः हाः करत बसलेली. कारण मी तिच्या पोटाकडे टक लावून बघतेय हे तिने पाहिलं होतं आणि मला मजा वाटावी म्हणून ती कुत्रा झाली होती. सिस्टरांनी मला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी ती माणूस असताना मोजा.

हे सगळं मी घरी फोनवर सांगितलं. चूक केली. कारण घरी आमचे दीर आहेत, ज्यांचं औषधांचं दुकान आहे आणि ज्यांना अख्खं खानदान 'अर्धे डॉक्टर' म्हणतं, आणि त्यांना त्याचा राग येत नाही, उलट उरलेलं अर्धं आपण लवकरच मिळवू असा त्यांचा भाव असतो. त्यांचं सुरू झालं. वहिनी, हे हॉस्पिटलवाले आज एक बोलतात, उद्या दुसरं बोलतात. वहिनी, माझ्या काउंटरवर रोज पन्नास जण येतात, सर्दीला घेतात, तापाला घेतात, कोणाला काही झालंय का आजपर्यंत? वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला मी काय सांगू, कोर्स अर्धा सोडायचा नसतो. आणि मागून सासूबाईंचा आवाज, "अगं, एक चमचा दिला तर काय आभाळ कोसळतंय का?" आमचे हे, म्हणजे टिल्लीचे बाबा, ते त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, ते फोनवर म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. आता ह्या वाक्याने जगात कुठल्या बाईला आजवर मदत झाली आहे, ते मला कळवा.

बुधवारी सकाळी दीर डबा घेऊन आले. बिस्किटांचा. माझ्या हातात देताना डोळ्याने खूण केली. ते गेल्यावर मी उघडला तर वर बिस्किटं आणि खाली कागदात गुंडाळलेली बाटली. तेच औषध, गुलाबी. स्ट्रॉबेरीचं चित्र. सुकी पावडर, त्यात उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. मी ती उशीखाली सरकवली. देणार नव्हतेच हो. नुसती असावी म्हणून. छत्री नाही का आपण नुसती बरोबर ठेवत?

आणि दुपारी तीनला ताप एकशे तीन. टिल्लीचे गाल लाल, डोळे जड, माझ्या कुशीत डोकं खुपसून म्हणतेय की पाय दुखतात. सिस्टर तापाचं औषध देऊन गेल्या, डॉक्टरांना कळवते म्हणाल्या. मी श्वास मोजले. चौतीस. बरगड्या ठीक. पाणी प्यायली. म्हणजे वहीप्रमाणे सगळं ठीक. पण वहीला काय जातंय? वहीच्या कुशीत ती तापलेली पोर होती का? आणि माझ्या डोक्यात ते सगळे लंगडे जंतू उठून उभे राहिले. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला डॉक्टरीणबाई, त्यांची बस, त्यांचे बूट, काही आठवलं नाही. टिल्लीला झोपवलं, शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या आईला म्हटलं जरा लक्ष ठेवा, बाटली पदराखाली धरली आणि पेला घेऊन सिस्टरांच्या टेबलापाशी गेले.

म्हटलं, सिस्टर, उकळून गार केलेलं पाणी मिळेल का थोडं?

सिस्टर काहीतरी लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कशासाठी?"

आता बघा, साधा प्रश्न. प्यायला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण मला खोटं बोलताना आधी घाम येतो आणि मग तपशील सुचतात. मी म्हटलं, असंच. त्या म्हणाल्या, "प्यायचं असेल तर तुमच्या खोलीतल्या जगमधलं उकळलेलंच आहे."

"नाही, म्हणजे, जास्त नको. खुणेपर्यंतच."

लिहिणं थांबलं. सिस्टरांनी मान वर केली. "कुठल्या खुणेपर्यंत?"

संपलं! शिकलेली बाई! एवढ्या मोठ्या शब्दकोशातून मला तो एकच शब्द सापडला होता. मी मुकाट्याने पदराखालून बाटली काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं आता ओरडतील, डॉक्टरांना बोलावतील, माझा फोटो काढून दारावर लावतील. सिस्टरांनी फक्त खालचा खण उघडला. आत अशाच तीन बाटल्या, एकीवर 'खाट दोन', एकीवर 'खाट सात', एकीवर 'आजोबा'. आमची त्यांच्या शेजारी ठेवली, चिठ्ठी चिकटवली, खण लावला. म्हणाल्या, "ह्या आठवड्यातली चौथी. आणि देण्याआधी आलात, बाकीचे तिघं नंतर आले होते." मग स्वतः उठून माझ्याबरोबर खोलीत आल्या, टिल्लीला तपासलं, डॉक्टरीणबाईही आल्या, त्यांनी पुढून मागून छाती ऐकली, आणि सांगितलं की व्हायरसचा ताप असाच चार-पाच दिवस चढउतार करतो, वाईट खूण एकही नाही, आणि आली तर त्या स्वतः सगळं पुन्हा तपासून गरज असेल तर औषध सुरू करतील, त्यात त्यांना कमीपणा वाटणार नाही. मी विचारलं, अगदी नक्की ना? त्या म्हणाल्या, नक्की असं मी काहीच सांगत नाही, म्हणून तर दिवसातून तीनदा येते.

त्या गेल्या. मी खुर्चीवर बसले, एकदम रिकामी. आणि तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई बोलली. तोवर ती फारसं बोलत नसे. तिची मुलगी नऊ वर्षांची, मूत्रपिंडाला खराखुरा जंतुसंसर्ग, तिथे अँटिबायोटिक हवंच होतं. पण पहिलं लागू पडलं नाही. दुसरं लागू पडलं नाही. आता तिसरं चालू होतं, सलाइनमधून, आणि हे तरी पडेल का ह्याची वाट बघत ती बाई अकरा दिवस त्या खुर्चीत बसली होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की मुलीच्या अंगातले जंतू ह्या औषधांना सरावलेत, आणि आधी वारंवार औषधं झाली असतील तर तसं होऊ शकतं. ती मुलीच्या पायावरची चादर सारखी करत मला म्हणाली, "माझी दर सर्दीला पूर्ण कोर्स करायची हो. एक डोस चुकवला नाही मी कधी."

तुम्हाला सांगते, मला बोलता येतं. मला गप्प बसता येत नाही हीच माझ्याबद्दलची जुनी तक्रार आहे. पण त्या बाईला द्यायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता. कारण ती मीच होते. तीच घड्याळं, तोच शेवटचा थेंब, तोच पहिला नंबर. मी उठले, तिच्यासाठी चहा आणला, आणि आम्ही दोघींनी तो तिथेच बसून प्यायला. आणि चहा संपेपर्यंत माझं ठरलं. आता ह्या पोरीला बिनकामाचं औषध माझ्या हातून जाणार नाही. ताप चढू दे, मी मोजेन. पुन्हा चढू दे, पुन्हा मोजेन. हा एक कोर्स मी पूर्ण करणार!

पाच वाजता भेटायची वेळ. दीर आणि सासूबाई. दीरांनी आल्या आल्या भुवया उडवून विचारलं, दिलं का? मी म्हटलं, भाऊजी, कशासाठी? ते म्हणाले, खबरदारी म्हणून. मी म्हटलं, कशाची खबरदारी? व्हायरसला ते मारत नाही, जो जंतू रक्तात नाही त्याला ते काय मारणार, म्हणजे ते मारणार कोणाला, तर टिल्लीच्या पोटातल्या बिचाऱ्या कामाच्या जंतूंना, आणि उद्या हिला खरंच गरज पडली आणि लागू पडलं नाही, तर ह्या खुर्चीत तुम्ही येऊन बसणार आहात का अकरा दिवस? मी हे एका दमात बोलले. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य मधे कोणी न तोडता शेवटपर्यंत पोचलं, त्यामुळे संपल्यावर काय करायचं ते मला कळेना, मी उगीच उशी झटकली.

दीरांनी बिस्किटांचा डबा उचलून झाकण घट्ट लावलं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, लोक मागतात. नाही दिलं तर समोरच्या दुकानात जातात." आणि मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली, कारण मागणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे वर्षानुवर्षं मीच उभी होते. सासूबाईंनी मात्र वारं बघून तोंड फिरवलं. "तिला न विचारता बाटली आणलीसच कशी रे?" असं त्यांनी दीरांना विचारलं. बाटली आणायला त्यांनीच पाठवलं होतं. दीरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं छताकडे पाहिलं.

मग सासूबाईंनी वही मागितली. ह्यात काय विशेष आहे म्हणून स्वतः मोजायला बसल्या, आणि त्यांचे आले अठ्ठावीस. माझे तीस. त्या म्हणाल्या तुझं घड्याळ पुढे आहे. मी म्हटलं आई, तुम्ही मधे दोनदा दारात कोण आलं ते बघितलंत. पुन्हा मोजले, एकोणतीस, दोघींची अब्रू राहिली. तेव्हापासून आमच्या घरात जी भांडणं झाली ती फक्त आकड्यांवरून. गुरुवारी ताप एकदाच आला, एकशे एक. संध्याकाळी ऑक्सिजन काढला. पातळ शी तर बुधवारीच थांबली होती. शेजारच्या मुलीलाही गुरुवारी पहिल्यांदा ताप आला नाही. तिच्या आईने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. शुक्रवारी सकाळी माझ्या वहीत एक्केचाळीस नोंदी होत्या, एकही रकाना रिकामा नाही. मी ती वही डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी चक्क सगळी पानं वाचली.

आणि म्हणाल्या, घरी जा. घरी जाण्याच्या कागदावर औषध एकच, तेही ताप आला तरच. सासूबाईंनी कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. मी शांत होते. अगदी समजूतदार, ठाम, बदललेली बाई. फक्त माझे दोन-तीन प्रश्न होते. म्हणजे लिहून आणलेले अकरा. आंघोळ घालायची का, केस धुवायचे का, धुतले तर पंख्याखाली वाळवायचे की नुसते पुसायचे, खोकला किती दिवस राहील, राहिला तर तो हाच खोकला की नवीन, शाळेत पाठवायची का, शाळेत शेजारचं मूल शिंकलं तर जागा बदलून मागायची का, आणि समजा, नुसतं समजा, घरी गेल्यावर… डॉक्टरीणबाई सगळ्याला हळूहळू उत्तरं देत होत्या. नवव्या प्रश्नाला त्या मधेच टिल्लीसमोर उकिडव्या बसल्या, बहुतेक थोडी विश्रांती म्हणून, आणि तिला विचारलं, "काय मग टिल्लीबाई, तुला काही हवंय का आमच्याकडून?"

टिल्लीने बुटाचा पट्टा लावला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला काही नको. आईला द्या काहीतरी."